आवडीच्या दाराशी मी का थांबलो

पत्र्याचं एक डबडं, चुलीशेजारी उपडं.

लाल रंगाने माखलेला ब्रश, केस ताठ झालेले.

पायाला सुतळी बांधलेली कोंबडी. ती ओरडत नाही.

कुठेही भोक नसलेल्या बंद टाकीत पडणारा पाऊस.

चावी मुठीत, आणि तरीही इंजिनाचा आवाज.

०

मित्रांनो, या पाचही गोष्टी माझ्याच आहेत. मी ट्रॅक्टर आहे. माझ्या वयाचे बाकीचे कधीच भंगारात गेले. कडावच्या पुढे रस्ता डोंगराकडे वळतो, तिथे एक चढण आहे. त्या चढणीवर माझ्या बाबतीत जे झालं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. भिऊ नका. किंवा थोडं भ्यालात तरी चालेल, मीही भ्यालो होतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुठल्या, ते एका पाटीवर लिहिलं होतं; ती पाटी घाटावरच्या उसाच्या शेतात पडली आणि नांगराखाली गेली. मग धाऊ नावाच्या माणसाने मला विकत घेतलं आणि बोरघाट उतरवून, खोपोलीवरून, इकडे भाताच्या मुलखात आणलं. घाट उतरताना तो वळणावळणावर माझ्या बॉनेटवर हात ठेवून बघत होता, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझ्यात ठिणगी नाही. मी आत हवा घेतो, ती इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सुटला की आपोआप भडका उडतो. एकदा जागा झालो की मला बॅटरी लागत नाही, चावीही लागत नाही. चावी फक्त उठवते. झोपवायचं असेल तर माझं पिणं तोडावं लागतं. त्यासाठी सीटपुढे एक दांडा असतो. तो ओढला की मागची तार ताणली जाते, डिझेल बंद होतं आणि मी गप होतो.

आणि टाकीखाली मला एक काचेची वाटी आहे. डिझेल टाकीतून निघालं की एका तोटीतून, म्हणजे पिळून बंद करता येणाऱ्या बारक्या नळातून, आधी तिच्यात उतरतं, मग पुढे पंपात जातं. डिझेलमध्ये पाणी मिसळलं असेल तर ते जड म्हणून वाटीच्या तळाशी बसतं. वर मधासारखं डिझेल, खाली पाणी, मध्ये स्वच्छ रेघ. काचेतून सगळं दिसतं. मला ती वाटी नेहमी माझा डोळा वाटत आली आहे. फरक इतकाच, की हा डोळा बाहेर बघत नाही. त्यातून बाहेरच्यांना माझ्या आतलं दिसतं.

०

धाऊ डिझेल ओतताना जुन्या धोतराचं फडकं दुपदरी करून गाळून ओतायचा. टाकीत कळकाची काठी बुडवून किती उरलंय ते बघायचा. संध्याकाळी काम संपलं की टाकी काठोकाठ भरून ठेवायचा. लोक हसायचे.

"धाऊदादा, रातचा कुटं निगालाय काय तुजा टॅक्टर?"

"रिकाम्या टाकीला घाम येतो रं," धाऊ म्हणायचा. "भरल्या पोटाला नाय येत."

ते खरं होतं. अर्धी टाकी म्हणजे वरची अर्धी हवा. कोकणातल्या पावसाळ्यात हवा म्हणजे पाणीच. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेचे थेंब होतात आणि टाकीच्या आतल्या भिंतींवरून खाली ओघळतात. बाहेर कोरडं, वरचं झाकण घट्ट, आणि आत पाऊस.

सकाळी शेताकडे जाताना धाऊ चढण चढून वर थांबायचा. चढण जिथे संपते तिथे एक कुडाची झोपडी होती, वर कौलं. ती आवडीची. आवडी ठाकरवाडीतली, नवरा गेल्यावर वाडीपासून जरा अलीकडे, रस्त्याला लागून एकटीच राहायची. रानातली भाजी, कंद, पळसाची पानं विकायची. धाऊ खाली उतरून वाटीखालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. तळाचं पाणी आणि थोडं गढूळ डिझेल आवडीच्या डबड्यात पडायचं. पाणी खाली बसलं की वरचं डिझेल ती चूल पेटवायला वापरायची. मग दोघं ओट्यावर कोरा चहा प्यायची.

"आज लय निगालं गं पाणी."

"मंग माजी चूल कशी पेटंल? उंद्या चांगलं काढ."

एवढंच बोलणं असायचं. मी शेजारी उभा राहून निवत असे. ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. तेव्हा मला ते कळलं नाही. चांगले दिवस चालू असताना माझ्या इंजिनाचा आवाज मोठा असतो, बाकी काही ऐकू येत नाही.

०

धाऊ एका हिवाळ्यात गेला. मी त्याच्या मुलाकडे आलो. त्याचं नाव विकास. खोपोलीच्या कारखान्यात त्याची पाळी असायची, आणि सुट्टीच्या दिवशी तो शेती करायचा. वाईट माणूस नव्हता तो. माझ्यावर त्याचा जीव होता, फक्त तो जीव बाहेरून होता.

टाकी भरून ठेवली तर कोणीतरी नळी घालून डिझेल काढून नेईल, म्हणून तो कामापुरतंच आणायचा. गाळायचा नाही, पंपावरचं डिझेल काय गाळायचं, म्हणायचा. आणि दर दसऱ्याला मला धुऊन, हार घालून, हळदीकुंकू लावून पूजा करायचा. एका दसऱ्याला त्याने मला रंगच दिला. बॉनेट लाल, मडगार्ड लाल, रिम लाल. मग तोटी लाल, स्क्रू लाल, आणि काचेची वाटी लाल.

सगळ्या गावाने कौतुक केलं. फार्महाऊसवर सुट्टीला आलेल्या मुंबईच्या लोकांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. "अगदी नवा वाटतोय," ते म्हणाले. रंग वाळला तशी तोटी जागच्या जागी धरली गेली, आणि वाटीच्या आत अंधार झाला.

त्या अंधारात पाणी साचू लागलं.

०

आता जे सांगतो ते कोणी पाहिलेलं नाही. पाणी आणि डिझेल यांच्यामधली ती रेघ असते ना, तिथे काहीतरी उगवायला लागलं. काळसर, बुळबुळीत, धाग्यांसारखं. त्याला मुळं नव्हती, उजेड लागत नव्हता. ते हळूहळू पसरायचं आणि मी चालू झालो की हलायचं. मी रात्री गोठ्याशेजारी उभा असायचो, टाकीत टिप टिप पाऊस पडायचा, आणि ते वाढायचं. माझ्या आत दुसरं कोणीतरी राहायला आलं होतं, आणि ते डिझेल पीत होतं.

पुढच्या आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी, चिखलणीसाठी निघालो असता, मी चढणीवर आवडीच्या दाराशी पहिल्यांदा बंद पडलो.

सपाट रस्त्यावर पाणी टाकीच्या एका खोलगट कोपऱ्यात पडून राहायचं. चढणीला मी मागे कललो की ते सरकत तोटीपाशी यायचं. वाटी आधीच तुडुंब. मग पाणी थेट पंपात. दोनदा खोकायचो आणि संपायचो. दर वेळी त्याच जागी, आवडीच्या दारापासून हाताच्या अंतरावर.

मित्रांनो, मी तुम्हाला कारण सांगितलं, पण तेव्हा माझी मलाच खात्री नव्हती. कितीतरी वर्षं मी रोज सकाळी तिथेच थांबत आलो होतो. बंद पडताना मला वाटायचं, आता धाऊ उतरेल.

आवडी दारात आली.

"इकास, तुजा बा हितं खालून थोडं काढायचा रं. माज्या डबड्यात वतायचा. मंग जायाचा."

विकासबरोबर शेजारचा रोहिदास होता. गावातल्या सगळ्या गोष्टींचं कारण रोहिदासला ठाऊक असायचं. तो विकासच्या कानाशी लागला, "ऐकलंस? ही मागतेय. दिल्याबिगर सोडायची नाय."

विकास खाली उतरला. मग कॅन उचलला आणि वरून, चांगलं डिझेल, तिच्या डबड्यात ओतलं.

"आरं, ह्ये नाय. खालून," आवडी म्हणाली.

"घे की आता! अजून काय पायजे तुला?"

मग त्या दोघांनी मला मागे ढकलत खाली सपाटीवर नेलं. पाणी पुन्हा कोपऱ्यात गेलं. डिझेलचा हातपंप मारून नळीतलं पाणी आणि हवा काढली, आणि मी चालू झालो. विकासने मला जोरात वर पळवलं. मी चढून गेलो.

"बगितलंस?" रोहिदास म्हणाला.

०

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा बंद पडलो, तेव्हा तिच्या दाराशी काहीतरी ठेवलं गेलं. नारळ. लिंबू. मग ती कोंबडी. ठेवायचं, मला मागे ढकलायचं, चालू करायचं. दर वेळी मी चालू व्हायचो, आणि दर वेळी ते खरं ठरायचं. मी खोकून, धुरातून, लाल बॉनेट थडथडवून सांगत होतो की रंग खरवडा, आत बघा. ट्रॅक्टरची भाषा माणसांना धूर वाटते.

आवडीने कोंबडीची सुतळी सोडली.

"जा गं बाय," ती कोंबडीला म्हणाली. "आपन दोगी हितं काय करतोय?"

कोंबडी गेली नाही. पंखात मान घालून तिच्या ओट्यावर बसून राहिली. ही गोष्टसुद्धा रोहिदासने गावाला सांगितली.

मग रोहिदासची म्हैस आटली. कोणाच्यातरी रोपांवर करपा पडला. पोरं तिच्या दारावरून पळत जाऊ लागली. तिची भाजी कोणी घेईना. शेवटी चार माणसं जाऊन तिला सांगून आली की इथून जा, आवणी खोळंबतेय. तिचा भाऊ सखा खालापूरकडच्या एका वाडीत राहतो, त्याच्याकडे जा.

तिने फार वाद घातला नाही. गाठोडं बांधलं, कोंबडी काखेत घेतली. डबडं धुतलं आणि चुलीशेजारी उपडं ठेवलं. दार ओढून घेताना माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला तरी ठावं हाय ना रं?"

मला ठाऊक होतं.

०

ती गेली. दुसऱ्या सकाळी मी रिकाम्या झोपडीसमोर बंद पडलो.

तुम्हाला वाटेल, आता तरी त्यांना कळलं असेल. मलाही वाटलं होतं. रोहिदास खाली उतरला, बंद दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "गेली, पन नजर ठेवून गेली."

मग विकासने मला गोठ्याच्या मागे, तोंड चढाकडे करून लावून टाकलं. भाड्याचा ट्रॅक्टर आणला. माझ्या सीटवर घेवड्याचा वेल आला. आत पाऊस पडत राहिला, आणि ते काळं वाढत राहिलं.

०

विकासची बायको संध्या. धाऊ गेला तेव्हा ती या घरात नवी होती, पण त्याच्या हाताखाली तिने एक पावसाळा काढला होता. ती एका दुपारी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आवडी काय मागायची, ते विकासने घरी सांगितलं होतं. मग स्वतःशीच म्हणाली, "खालून. ती खालून म्हनायची."

ती वाकली. टाकीखाली हात घालून चाचपत गेली. वाटीवर थांबली. नखाने रंग खरवडला; पापुद्रा निघाला. घासलेटचं फडकं आणून तिने घासलं. लाल गेलं आणि काच निघाली. बाहेरचा उजेड माझ्या आत आला, इतक्या दिवसांनी, आणि त्या उजेडात ते काळं हललं.

संध्या दचकून मागे सरली. माझ्या पोटात कोणी आहे असं तिलाही वाटलं असणार. पण पळाली नाही. पदराने हात पुसला आणि स्क्रूवर जोर लावला. तो कुरकुरला, फिरला. बाहेर आधी पाणी आलं. मग शेवाळ्यासारखे धागे. मग पुन्हा पाणी, किती तरी. ते जमिनीत जिरेना, तेव्हा तिने खाली बादली ठेवली. शेवटी पिवळसर डिझेल आलं.

संध्याकाळी तिने विकासला बादली दाखवली.

"ह्ये निगालंय. आवडीआयचा काय दोस ह्याच्यात?"

विकासने बादलीत बघितलं. तोंड फिरवलं. "मंग तिनंच घातलं आसंल."

"झाकन तू लावतोस. चावी तुज्याकडं. रातचा टॅक्टर तुज्या दारात. तिनं कदी घातलं?"

"बगू," विकास म्हणाला.

तिने डिझेलचा कॅन आणला, जुन्या साडीचं फडकं दुपदरी केलं, आणि गाळून गाळून टाकी काठोकाठ भरली. झाकण लावताना म्हणाली, "मामंजी म्हनायचे, भरल्या पोटाला घाम येत नाय."

०

सकाळी विकास मला चढणीवर घेऊन गेला. मी एकदाही खोकलो नाही. वर आलो, झोपडीसमोर. रोहिदास मागच्या ट्रॉलीत होता. ते दोघं आवडीची कौलं काढायला आले होते. रिकाम्या घराची कौलं पावसात फुकट जातील, त्यापेक्षा गोठ्याला होतील, असं त्यांचं ठरलं होतं.

विकासने दांडा ओढला.

दांडा त्याच्या हातात आला. मागची तार तुटली होती. ती गंजलेली होती, मित्रांनो. मी एवढंच सांगू शकतो.

मी चालूच राहिलो. विकासने चावी फिरवली, काढली. मी चालू. चावी त्याच्या मुठीत, आणि मी धडधडतोय. डिझेल तोडायला त्याने तोटी पिळून पाहिली. रंगाने धरलेली तोटी हलली नाही. रोहिदास ट्रॉलीतून उतरला, दाराकडे बघितलं, आणि कौलांचं नाव न काढता खाली पळत सुटला. विकास त्याच्या मागे. चढणीच्या पायथ्याशी जाऊन दोघं उभे राहिले आणि ऐकत राहिले.

विकासने कर्जतच्या याकूब मेकॅनिकला फोन लावला. तोवर संध्याही धावत आली होती. फोन स्पीकरवर होता.

"अरे, गिअरमध्ये टाक आणि ब्रेकवर उभा राहा," याकूबभाई म्हणाला. "गप होईल जागच्या जागी. त्यात काय एवढं!"

"जवळ कोन जाईल, भाय?"

"म्हणजे? चावतोय का?"

विकासने फोन खिशात टाकला. संध्याने सगळं ऐकलं होतं. तिला गिअर ठाऊक होता, ब्रेक ठाऊक होता, आणि ती भीत नव्हती. ती जाऊ शकली असती. ती तिथेच एका दगडावर बसली आणि म्हणाली, "ती आल्याबिगर गप नाय व्हायचा तो."

मी दिवसभर चाललो. सगळ्या गावात माझा आवाज होता. भात लावणाऱ्या बायका वाकायच्या आणि मान वर करून ऐकायच्या. माझ्या पुढ्यात बंद दार, वर जाणारा धूर, आणि सीट रिकामी. डिझेल स्वच्छ होतं. मला थांबायला काही कारणच नव्हतं. रात्र गेली तरी मी चालू होतो. उजाडल्यावर विकासने कोणाला न विचारता मोटारसायकल काढली आणि खालापूरच्या रस्त्याला लागला.

०

आवडी मागच्या सीटवर गाठोडं आणि कोंबडी मांडीत घेऊन आली. चढण सुरू झाली तिथे विकास थांबला. पुढे ती एकटीच चालत आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"काय बोंबलतोस रं इतका?"

टाकीत शेवटचं थोडं उरलं होतं, हे मला ठाऊक होतं, आणि संध्याला. आवडीने दार उघडलं. आत गेली. चुलीशेजारचं डबडं सुलटं करून घेऊन बाहेर आली. मी एकदा खोकलो, दोनदा, आणि बंद झालो.

खाली माणसं जमली होती. मग एकेकाने हात जोडले. रोहिदासने सगळ्यात आधी.

मित्रांनो, मला हे असं व्हायला नको होतं. तिला घरी आणायला बादलीतलं पाणी पुरायला हवं होतं. ज्या भीतीने तिला घालवलं तीच भीती तिला घेऊन आली, आणि अजून तिच्या ओट्यावर नारळ येतात. ती ते फोडते आणि कोंबडीला खोबरं घालते.

आवडीने डबडं माझ्या वाटीखाली ठेवलं. "इकास, ये हिकडं. आता तरी काढ खालून."

विकास आला. वाकला. त्याने स्क्रू अर्धा फेरा फिरवला. थोडंसं डिझेल पडलं, स्वच्छ, आणि त्यात पाण्याचा एकच थेंब.

तुमच्या घरी, शेतावर, कुठेही एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला हार घाला, रंग द्या, मला आवडतं ते. पण संध्याकाळी त्याची टाकी भरा. डिझेल फडक्यातून गाळा. सकाळी वाटी बघा. आणि ते बंद पडलं, तर समोर कोणाचं घर आहे हे बघण्याआधी खाली वाका.

आणि माझी वाटी लाल का झाली म्हणाल, तर तो दसरा होता, मी सगळा रंगवून झालो होतो आणि डब्यात थोडा लाल रंग उरला होता.